खेळ संपल्यानंतरची खेळी



महाविद्यालयाच्या सभागृहात माजी खेळाडूंचा सत्कार आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिला आहे. व्यासपीठावर खुर्च्या मांडलेल्या असतात. समई पेटते, स्वागतगीत होते. मग एकेकाचे नाव पुकारले जाते. कोणी वीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या कबड्डी संघात होता आणि आज पोलीस खात्यात आहे. कोणी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लांब उडी मारली होती आणि आज बँकेत अधिकारी आहे. कोणी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे, कोणी स्वतःचा व्यवसाय सांभाळतो. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह दिले जाते, टाळ्या वाजतात आणि कार्यक्रम आटोपतो.

पुढच्या रांगेत बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनात मात्र एक प्रश्न राहतो. खेळाने या माणसांना नेमके काय दिले? पदक कपाटात आहे, मैदान सुटून कितीतरी वर्षे झाली. मग आज त्यांना व्यासपीठावर का बोलावले? पालकांच्या मनातही प्रश्न असतो, तो थोडा वेगळा : आमच्या मुलाने खेळात वेळ घालवला तर त्याचे पुढे काय होणार?

या अंकातील अभ्यासलेखात आम्ही या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न करत आहोत. त्यासाठी काही खऱ्या खेळाडूंची आयुष्ये आपण नीट पाहू.

पुरस्काराचे नाव आपल्या पेडण्याचे

सुरुवात घरापासून करू. गोवा सरकारतर्फे उत्कृष्ट खेळाडूंना जो राज्य पुरस्कार दिला जातो, तो बक्षी बहाद्दर जिवबादादा केरकर यांच्या नावाचा आहे. हे जिवबादादा कोण, असे विचारले तर आपल्यातले बरेच विद्यार्थी गप्प राहतील. पेडणे तालुक्यातील केरी हे त्यांचे गाव. अठराव्या शतकात ते घर सोडून उत्तरेत गेले आणि महादजी शिंदे यांच्या फौजेत चढत चढत बक्षी, म्हणजे सेनेचा प्रमुख कारभारी, या पदापर्यंत पोहोचले. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या सैन्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

जिवबादादा आजच्या अर्थाने खेळाडू नव्हते. तरीही खेळाडूंच्या पुरस्काराला त्यांचे नाव शोभते. शरीर कसलेले असावे, शिस्त अंगी असावी, हाताखालच्या माणसांना बरोबर घेऊन जाता यावे आणि लहान गावातून निघूनही मोठ्या जबाबदारीला घाबरू नये, हे गुण रणांगणावर लागतात तसे मैदानावरही लागतात. केरीच्या किनाऱ्यावर पळण्याचा सराव करणाऱ्या मुलामुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

मडगावचा मुलगा, मुंबईचे महाविद्यालय

आता दिलीप सरदेसाई यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म 8 ऑगस्ट 1940 रोजी मडगाव येथे झाला. त्या काळी गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. कला व विज्ञान शाखांचे महाविद्यालय गोव्यात नव्हते. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये मुक्तीनंतर, 1962 साली सुरू झाली. क्रिकेटचे तर पद्धतशीर प्रशिक्षणही येथे मिळत नव्हते. 1957 साली सरदेसाई कुटुंब मुंबईला गेले आणि दिलीपने विल्सन महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या वेळी तो सतरा वर्षांचा होता.

मुंबईची मुले लहानपणापासून मैदानावर वाढलेली. त्यांच्या तुलनेत हा मुलगा उशिरा आलेला. पण महाविद्यालयीन क्रिकेटने त्याला वाट दिली. विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडक स्पर्धेत 1959-60 च्या मोसमात त्याने 87 च्या सरासरीने 435 धावा केल्या. त्यानंतर भारतीय विद्यापीठांच्या संघातून पाहुण्या पाकिस्तानी संघाविरुद्ध खेळण्याची संधी मिळाली, आणि तेथून कसोटी संघाचे दार उघडले.

इतिहासाच्या तासाला उपयोगी पडेल अशी एक तारीख येथे पाहा. सरदेसाई यांचा पहिला कसोटी सामना 1 डिसेंबर 1961 रोजी इंग्लंडविरुद्ध कानपूरला सुरू झाला. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 रोजी. म्हणजे मडगावात जन्मलेला हा तरुण भारताची टोपी घालून मैदानात उतरला, तेव्हा त्याचे जन्मगाव अजून परकीय सत्तेखाली होते. अठरा दिवसांनी ते भारतात आले.

पुढची कारकीर्द सरळ नव्हती. 1965 साली मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध भारताचा पहिला डाव 88 धावांत आटोपला आणि फॉलोऑनची नामुष्की आली, तेव्हा दुसऱ्या डावात सरदेसाई यांनी नाबाद 200 धावा केल्या. पण नंतर अपयश आले आणि संघातील जागाही गेली. 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी त्यांची निवड होईल असे फार थोड्यांना वाटत होते. कर्णधार अजित वाडेकर यांनी आग्रह धरला म्हणून ते गेले. किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत भारत 5 बाद 75 असा कोसळला असताना त्यांनी एकनाथ सोलकर यांच्या साथीने डाव सावरला आणि 212 धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनला 112 धावा केल्या; तो सामना जिंकून भारताने वेस्ट इंडिजला कसोटीत प्रथमच हरवले. ब्रिजटाउनला 150 धावा केल्या. मालिकेत एकूण 642 धावा झाल्या. त्याच वर्षी ओव्हलवर इंग्लंडला त्यांच्या भूमीवर प्रथम हरवले, त्या सामन्यातही त्यांनी 54 आणि 40 धावांची मोलाची भर घातली. रणजी करंडकात तर मुंबईकडून खेळताना ते एकाही सामन्यात पराभूत संघात नव्हते.

आता थोडे गणित करू. सरदेसाई पहिली कसोटी खेळले तेव्हा 21 वर्षांचे होते. शेवटची खेळले डिसेंबर 1972 मध्ये, तेव्हा 32 वर्षांचे. म्हणजे कसोटी कारकीर्द अकरा वर्षांची. त्यांचे निधन 2 जुलै 2007 रोजी झाले. शेवटच्या कसोटीनंतरचे आयुष्य साडेचौतीस वर्षांचे! खेळलेल्या वर्षांच्या तिप्पट. 30 कसोट्या आणि 2001 धावा करणाऱ्या खेळाडूचे जर असे, तर विद्यापीठ पातळीवर तीन-चार वर्षे खेळणाऱ्याच्या पुढे केवढे आयुष्य पडलेले असते, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. म्हणूनच खेळाडूच्या पुढच्या आयुष्याचा विचार खेळ चालू असतानाच करावा लागतो.

राजाराम महाविद्यालय ते हेलसिंकी

दुसरे उदाहरण आपल्यापासून फार दूरचे नाही. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. घरात कुस्तीची परंपरा होती. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. मातीत कुस्ती खेळलेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती नवीन होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सहाव्या क्रमांकाची किंमत कळते.

चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा पैशांचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्याने आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकले, ही गोष्ट आम्ही शिक्षक मंडळी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा आमची मान आदराने झुकते. 23 जुलै 1952 रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि त्यानंतर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे सामने भरवले, त्यातून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

मित्रहो, पदक मिळवण्याइतकेच घर सोडवून देणे आम्हाला मोठे वाटते. उपकार लक्षात ठेवणे हीसुद्धा खेळाडूची शिस्त आहे.

1955 साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. तेथे त्यांनी 27 वर्षे नोकरी केली. बढती फार उशिरा मिळाली. निवृत्तीच्या सुमारास ते सहायक पोलीस आयुक्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव देण्यात आले. आज महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

हे सारे चांगलेच झाले. पण ज्याच्या गळ्यात हार पडायचा, तो माणूस ते पाहायला नव्हता. सत्कार वेळेवर व्हावा असे आम्ही म्हणतो ते यासाठी. आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतही पन्नाशी-साठी ओलांडलेले अनेक जुने खेळाडू आहेत. त्यांची नावे एखाद्या जुन्या ढालीवर पुसट झाली असतील. त्यांना आज बोलवायला हवे.

दोन्ही वाटा चालणारे

खेळायचे की शिकायचे, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. जणू काही दोन्हींपैकी एकच मिळणार. पण पुढील दोघांकडे पाहा.

अजित वाडेकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात विज्ञान शाखेचे विद्यार्थी होते आणि त्यांना अभियंता व्हायचे होते. बसमधून सोबत येणाऱ्या बाळू गुप्ते यांनी त्यांना महाविद्यालयाच्या संघात बारावा खेळाडू म्हणून बोलावले. दिवसाला तीन रुपये भत्ता मिळणार होता, म्हणून आपण गेलो, असे वाडेकर सांगत. तेथून सुरू झालेली वाट 1971 च्या दोन ऐतिहासिक मालिका विजयांपर्यंत गेली. 1967 चा अर्जुन पुरस्कार आणि 1972 ची पद्मश्री त्यांना मिळाली. खेळत असतानाही आणि नंतरही ते स्टेट बँकेत अधिकारी होते. पुढे ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, निवड समितीचे अध्यक्षही झाले. 2018 साली त्यांचे निधन झाले.

दुसरे डॉ. वेस पेस. त्यांचा जन्म 1945 साली गोव्यात झाला. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघात ते होते. ते डॉक्टर होते आणि क्रीडावैद्यक हे त्यांचे पुढचे कार्यक्षेत्र झाले. खेळाडूंच्या दुखापती आणि उत्तेजक द्रव्यांना आळा घालण्याचे काम त्यांनी केले. म्हणजे मैदानावर जे शिकले, तेच वैद्यकाच्या ज्ञानाने त्यांनी पुढच्या पिढीला परत दिले. 2025 साली त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र लिअँडर पेस यांनी 1996 साली अटलांटा येथे टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांनंतर 44 वर्षांनी भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. कराडजवळच्या मल्लाचे नाव आणि गोमंतकीय कुटुंबातील टेनिसपटूचे नाव क्रीडा इतिहासात असे एकापाठोपाठ येते.

आपल्या गोव्यातील स्थिती

गोवा म्हटले की फुटबॉल. ताळगावचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले. त्यांच्या काळात, 1980 च्या दशकात, गोव्याने संतोष करंडक जिंकला. 1997 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्या पिढीत खेळाडूला एक मोठा आधार होता. साळगावकर, धेंपो, सेझा अशा खाण उद्योगातील घराण्यांचे आणि कंपन्यांचे संघ होते आणि चांगल्या खेळाडूला तेथे वेतन मिळत असे.

डिचोलीच्या लोकांना पुढची गोष्ट सांगायला नको. 2012 साली खाणी बंद पडल्या. ट्रक उभे राहिले, घरोघरी चिंता शिरली. 2016 साली गोव्यातील धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. त्यामागे स्पर्धेच्या रचनेविषयीचे मतभेद होते. कारण काहीही असो, ज्या तरुणाची सारी भिस्त एका संघावर होती, त्याच्या पायाखालची जमीन सरकली. ज्याच्या हाती पदवी, प्रशिक्षकाचा परवाना किंवा एखादे कौशल्य होते, तो सावरला.

आशेच्या गोष्टीही आपल्याच परिसरात आहेत. साखळी येथे खाणीच्या पुनर्भरण केलेल्या जमिनीवर सेझा फुटबॉल अकादमी उभी आहे. ती 1999 साली सुरू झाली. पणजीची भक्ती कुलकर्णी 2012 साली बुद्धिबळातील महिला ग्रँडमास्टर झाली. 2022 साली चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात ती होती आणि त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 2023 साली ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा देशभरातील खेळाडू आपल्या मुलांनी जवळून पाहिले.

आणि सर्वांत महत्त्वाचे : सरदेसाईंना सतराव्या वर्षी गोवा सोडावा लागला. आज पेडण्याच्या मुलीला विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय आहे. डिचोलीच्या मुलाला नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय आहे, साखळीला शासकीय महाविद्यालय आहे. पूर्वी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, तेव्हा विद्यापीठाच्या संघात येण्यासाठी मुंबईच्या मुलांशी स्पर्धा करावी लागे. 1985 पासून आपले स्वतःचे गोवा विद्यापीठ आहे, त्याचे स्वतःचे संघ आहेत. वाट घराजवळ आली आहे. तिच्यावरून चालायचे की नाही, हे आपण ठरवायचे.

दहावीचे वर्ष

येथे आम्हाला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आठवी-नववीपर्यंत मैदानावर मुलांची गर्दी असते. दहावीचे वर्ष उजाडले की ती ओसरते. पालक येऊन सांगतात, "सर, यंदा खेळ नको. दहावी आहे." मुलींच्या बाबतीत हे अधिकच घडते, आणि एकदा सुटलेले मैदान त्यांना बहुधा परत मिळत नाही. बारावीनंतर महाविद्यालयात क्रीडा शिक्षक विचारतात, "कोण खेळते?" तेव्हा खाली पाहणाऱ्या मुलींमध्ये आपल्या शाळेच्या एके काळच्या धावपटू असतात. यात दोष केवळ पालकांचा नाही. जादा तास लावताना आम्ही शिक्षकही सर्वप्रथम खेळाच्या तासावरच हात टाकतो. हे आम्ही कबूल करतो.

हिशेब करून पाहा. रोज दीड तास, आठवड्यातून पाच दिवस सराव केला तर साडेसात तास होतात. आठवड्याचे तास 168. दूरदर्शन आणि मोबाईलपुढे जाणारा वेळ याच्या शेजारी मांडा. अभ्यासाचा वेळ नेमका कोण खातो ते कळेल. शिवाय गोवा शालान्त मंडळ नियमांत बसणाऱ्या खेळाडूंना क्रीडागुणही देते. पण खेळ गुणांसाठी नाही, हेही ध्यानात असावे.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे : खेळा, आणि वहीही पूर्ण ठेवा. प्रत्येक प्रमाणपत्र सांभाळून ठेवा. पुढे प्रवेशासाठी आणि नोकरीसाठी ते लागते. दुखापत लपवू नका. हरल्यावर समोरच्याशी हस्तांदोलन करा.

पालकांना विनंती : दहावीला सराव कमी करा, पण बंद करू नका. मुलगी खेळते म्हणून शेजारी काय म्हणतील, हा विचार सोडून एक दिवस तिचा सामना पाहायला या.

विश्वस्तांना विनंती : खर्डेकरांसारखे घर गहाण टाकायला कोणी सांगत नाही. मैदान समतल असावे, मुलींसाठी कपडे बदलण्याची स्वच्छ खोली असावी, क्रीडा शिक्षकाचे पद रिकामे राहू नये आणि दूरच्या वाड्यावरील मुलांना सरावानंतर घरी पोहोचण्याची सोय असावी. शेवटची बस चुकते म्हणून खेळ सोडणारी मुले आपल्याकडे आहेत. जुन्या खेळाडूंची नोंदवहीही करावी. कोण कोणत्या वर्षी कोणता खेळ खेळला आणि आज काय करतो, एवढे लिहिले तरी पुरे.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. व्यासपीठावर ज्यांचा सत्कार होतो, त्यांना खेळाने पहाटे उठायला शिकवले, हरल्यावर पुन्हा उभे राहायला शिकवले आणि इतरांबरोबर काम करायला शिकवले. पोलीस ठाण्यात, बँकेत, दवाखान्यात आणि वर्गात ते हेच वापरत आले. पुढच्या सत्काराच्या वेळी टाळ्या वाजवताना त्यांच्या पदकाबरोबर त्यांच्या नोकरीची वर्षेही आठवा.

स्वाध्याय

1. आपल्या गावातील किंवा वाड्यावरील एका जुन्या खेळाडूला भेटा. खेळाने त्यांना नोकरी-व्यवसायात कोणती मदत झाली, ते विचारून दहा ओळी लिहा.
2. खाशाबा जाधवांनी प्राचार्यांचे घर सोडवून दिले. तुमच्यावर कोणाचे असे ऋण आहे? ते कसे फेडाल?
3. पेडणे किंवा डिचोली तालुक्याचा नकाशा काढा आणि त्यात मैदाने, शाळा व महाविद्यालये दाखवा. कोणत्या गावाला मैदान दूर पडते?
4. आठवड्याच्या 168 तासांचे स्वतःचे वेळापत्रक करा. झोप, शाळा, अभ्यास, घरकाम आणि खेळ यांना किती तास मिळतात? पालकांना दाखवून त्यांची सही आणा.
5. पालकांसाठी : तुम्ही शाळेत असताना कोणता खेळ खेळत होता आणि तो केव्हा, का सुटला, हे आज रात्री जेवताना मुलांना सांगा.